वावडं

कुत्रा खाजवायला लागला तेव्हा मला वाटलं, तो दादांसाठी झुरतोय.

दादा म्हणजे माझे वडील. रेल्वेत गँगचे मुकादम होते. तळेगावच्या अलीकडच्या-पलीकडच्या रुळांवर, ऊन-पावसात चालण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आई मी लहान असतानाच वारली. थोरला भाऊ मुंबईला नोकरीला लागला आणि तिथलाच झाला. निवृत्त झाल्यावर दादांनी तळेगावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि आम्ही बापलेक तिथं राहू लागलो. मी चिंचवडच्या प्राथमिक शाळेत शिकवत असे. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं. माझं लग्न ठरता ठरता दोनदा मोडलं होतं, आणि पुढे त्याबद्दल बोलायचंच आम्ही दोघांनी सोडून दिलं होतं.

कुत्रा दादांच्या मागे मागे रुळावरून घरी आला होता. गव्हाळ रंगाचा, साधा गावठी. एक कान उभा, एक पडलेला. दादांनी त्याला कधी नाव ठेवलं नाही. ‘चल गड्या’ म्हणायचे, की तो उठायचा. रात्री तो दाराबाहेर फरशीवर झोपायचा आणि दिवसभर दादा जातील तिथं जायचा. माझी त्याची ओळख बेताचीच होती. मी घरात आले की शेपूट दोनदा हलवायचा, तेवढंच.

श्रावणात दादा गेले. सकाळी अंघोळीला पाणी काढता काढता खाली बसले, ते उठलेच नाहीत. भाऊ आला, दिवसकार्य झालं, भाऊ परत गेला. जाताना म्हणाला, “तू इथं एकटी काय करणार? चल माझ्याकडे.” मी शाळेचं कारण सांगितलं. त्यानं फार आग्रह केला नाही. त्याच्या घरातही माणसं पायात पाय अडकतील इतकी होती.

संध्याकाळी तळेगावच्या स्टेशनवर उतरून त्या खोल्यांकडे चालत जाणं मला जमेना. लांबूनच दाराला लावलेलं कुलूप दिसायचं. म्हणून भाद्रपदात मी चिंचवडला नदीच्या अंगाला एक खोली पाहिली आणि सामान हलवलं. सामान ते काय, एक ट्रंक, स्वयंपाकाची भांडी, दादांची घोंगडी, आणि कुत्रा. कुत्र्याचं काय करायचं हे मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही. हातगाडीच्या मागून तो आपणहून चालत आला.

खोली एका माळीणबाईंची होती. विधवा, पन्नाशी उलटलेल्या, आवाजानं खणखणीत. मी त्यांना मावशी म्हणत असे. मुलगा पिंपरीला नव्यानं उभ्या राहिलेल्या कारखान्यात पाळीवर जायचा, सून आणि नातवंडं घरात. तेव्हा पिंपरीकडे रोज काहीतरी बांधलं जात होतं. मुरमाचे रस्ते पडत होते, ट्रक जात होते आणि सिमेंटची पांढरी धूळ बाभळींवर बसत होती. चिंचवड मात्र अजून गावच होतं. एकटी राहणारी मास्तरीण आणि तिचा कुत्रा, हे त्या गल्लीत बायकांना बरेच दिवस पुरलं.

माझ्या खोलीची जमीन शेणानं सारवलेली होती आणि त्या दिवसांत ती ओलसर असायची. पहिल्याच संध्याकाळी कुत्रा दारातून आत येऊन कोपऱ्यात आखडून बसला. मला त्याची कणव आली. ट्रंकेवर दादांची घोंगडी घडी करून ठेवली होती. काळी, जाडजूड, कैक पावसाळे खाल्लेली. रुळावर, पावसात, थंडीत ती त्यांच्या खांद्यावर असायची. तिला अजून त्यांचा वास होता, तंबाखूचा आणि घामाचा. मी ती कोपऱ्यात अंथरली. कुत्र्यानं तिचा बराच वेळ वास घेतला, दोन गिरक्या घेतल्या आणि तिच्यावर अंग टाकून दिलं. दादा गेल्यापासून त्या दिवशी मला पहिल्यांदा रडू आलं.

त्यानंतर काही दिवसांतच खाजवणं सुरू झालं. आधी काखेत, मग पोटावर. पुढचे पाय तो तासन्‌तास चाटायचा. पोटाची कातडी लाल झाली, बारीक पुरळ उठलं, केस जाऊन चट्टे पडले. कानातून वास येऊ लागला. मी शाळेतून येऊन दार उघडलं की तो उठायचा, दोन पावलं यायचा आणि तिथंच बसून मागच्या पायानं काख खरवडायला लागायचा. मी त्याच्यासमोर बसून म्हणायची, “मलाही आठवण येते रे.” हे खोटं नव्हतं. उलट मला त्यात थोडा आधार वाटायचा. दादांना आठवणारं माझ्याखेरीज आणखी कुणीतरी त्या खोलीत होतं, आणि त्याचं दुःख निदान अंगावर दिसत तरी होतं. माझं कुणाला दिसत नव्हतं.

मावशींना मात्र त्यात दुःख-बिख काही दिसलं नाही.

“आवं बाई, खरूज हाय ती,” त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. “पोरं उघडी-नागडी अंगणात खेळत्यात. त्यांना लागली म्हंजी?”

“मी औषध करते, मावशी.”

“करा. पन न्हाई बरं झालं, तर सोडून या त्याला नदीपल्याड. मला तुमची अडचन न्हाई, कुत्र्याची हाय.”

मी वाण्याकडून गंधक आणला, खोबरेल तेलात कालवून लावला. कुत्र्यानं तो चाटून काढला आणि ओकला. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं अंघोळ घातली. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. करंजाचं तेल कुणी सांगितलं, तेही झालं. सगळ्या खोलीला त्या तेलाचा कडवट वास लागला. वर्गातल्या मुलीसुद्धा माझ्याजवळ आल्या की नाक मुरडायच्या.

शेवटी एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मी त्याला खडकीच्या जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. टांगेवाल्यानं कुत्र्याकडे पाहिलं आणि मान हलवली. “न्हाई बाई, घोड्याला लागंल.” दुसऱ्यानंही तेच सांगितलं. मग मी त्याच्या गळ्यात सुंभाची दोरी बांधली आणि हमरस्त्यानं चालत निघाले. पिंपरी, कासारवाडी, दापोडी. ट्रक अंगावरून धूळ उडवत जात होते. दर थोड्या अंतरावर तो बसायचा आणि खाजवायचा, मी छत्री धरून उभी राहायची. सायकलवरची माणसं वळून वळून पाहायची. इतक्या मोठ्या रस्त्यावर मला ओळखणारं एकही माणूस नव्हतं, आणि त्या दिवशी ते बरंच वाटलं.

दवाखान्यात बैल होते, एक शेळी होती, आणि बाकावर आम्ही दोघं. डॉक्टर वयानं मध्यम, चेहऱ्यानं थकलेले होते. कुत्र्याला टेबलावर घेऊन त्यांनी त्याच्या बोटांच्या बेचक्या पाहिल्या, काखा पाहिल्या, कान उलटे करून पाहिले. चट्ट्यावरची कातडी पात्यानं हलकेच खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

“खरूज नाही,” ते म्हणाले. “किडा दिसत नाही. कधीपासून आहे हे?”

“माझे वडील वारले, त्यानंतर. कुत्रा त्यांचा होता. तो दुःखानं…”

“दुःखानं कुत्रं अन्न सोडतं, बाई. त्याच्या काखेत पुरळ येत नाही.”

मला ते लागलं. त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण पुढचं ते जरा सावकाश बोलले.

“याला कशाचं तरी वावडं आहे. काही माणसांना नाही का, कोळंबी खाल्ली की अंगावर गांधी उठतात? तसंच. इंग्रजीत अ‍ॅलर्जी म्हणतात. कुत्र्यांमध्ये ती कातडीवर येते. खाण्यातलं काही असेल, पिसवा असतील, गवत असेल, धूळ असेल. औषधानं खाज दबेल, पण कारण राहिलं तर पुन्हा येणार. तुम्हाला शोधावं लागेल.”

“कसं शोधायचं?”

“एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर कळणार नाही. आणि घाई करू नका, कातडी सावकाश बरी होते. आधी खाणं बघू. काय घालता?”

“दूध-चपाती.”

“आणि तुमचे वडील?”

“भाकरी. कधी हाडकं.”

“मग दूध-गहू बंद. नुसता भात आणि उकडलेलं मटण, मीठ-मसाला काही नाही. दुसरा तुकडा तोंडात जाता कामा नये.” त्यांनी अंगाला लावायला पांढरं पातळ औषध दिलं, पिसवांसाठी भुकटी दिली, कानात घालायला थेंब दिले. “दिवाळीनंतर दाखवा.”

परत येताना एका बैलगाडीवाल्यानं आम्हाला चिंचवडपर्यंत आणलं. त्याला खरूज-बिरूज कशाचंच भय नव्हतं. कुत्रा गाडीत माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला. मी मात्र सगळा रस्ता डॉक्टरांचं ते वाक्य मनात घोळवत होते. म्हणजे तो झुरत नव्हता. त्याला नुसती खाज सुटत होती. त्या खोलीत दादांसाठी दुःख करणारी मी एकटीच होते, हे मला बैलगाडीत बसल्या बसल्या कळलं.

भात-मटणाचं पथ्य मी कसोशीनं पाळलं. मावशींच्या नातवंडांना बजावलं, कुणी तुकडा टाकायचा नाही. पिसवा गेल्या, कान सुधारले, पण पोट आणि काखा तशाच राहिल्या. मावशी दिवसातून एकदा येऊन पाहायच्या आणि काही न बोलता जायच्या. ते न बोलणं जास्त जड जायचं.

दिवाळीच्या सुट्टीत भावाचं पत्र आलं की येऊन जा. कुत्र्याला मुंबईला नेणं शक्य नव्हतं. मी भीत भीत मावशींना विचारलं. त्या बराच वेळ हातातली लसूण सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, “गोठ्यात बांधते. भात शिजवून घालीन. पन त्ये पांढरं औषीद मला जमायचं न्हाई.”

मुंबईत मी भावाच्या घरी गॅलरीत झोपत असे. वहिनी चांगली होती. रोज कुणी ना कुणी पाहुणे यायचे आणि “ही माझी बहीण, मास्तरीण आहे” असं सांगून झालं की पुढे कुणालाच काही सुचायचं नाही. एका संध्याकाळी भाऊ म्हणाला, “दादांची घोंगडी कुठं आहे गं? थंडीचे ते कसे तीत गुरफटून बसायचे.” मी म्हटलं, आहे माझ्याकडे. कुत्रा तिच्यावर झोपतो, हे मी सांगितलं नाही. त्याला ते आवडलं नसतं.

सुट्टी संपायच्या आधीच मी परत आले. मावशी अंगणातच होत्या. गोठ्यातून कुत्रा धावत आला, माझ्या अंगावर उडाला आणि मी थक्क होऊन पाहत राहिले. पोटावरचा लाल रंग गेला होता. काखेत केसांची कोवळी लव आली होती.

“बगा,” मावशी म्हणाल्या, “तुमी गेला आन् बेस झालं कुत्रं.”

त्या हसून म्हणाल्या, मनात काही नव्हतं. पण मी खोलीत जाऊन ट्रंकेवर बसले आणि मला उठवेना. औषधाशिवाय, नुसतं मी नसल्यानं तो बरा झाला होता. काही दिवसांत तो पुन्हा माझ्या खोलीत, आपल्या कोपऱ्यात झोपू लागला आणि पुन्हा खाजवू लागला. मग तर शंकाच उरली नाही. मी माझा साबण बदलला. डोक्याला तेल लावणं सोडलं. त्याला हात लावण्याआधी हात धुऊ लागले, नंतर हात लावायचंच टाळू लागले. तो जवळ आला की मी उठून दुसरीकडे बसायची. त्याला ते कळत नसे. तो पुन्हा उठून जवळ यायचा.

डॉक्टरांकडे दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी हे सगळं सांगितलं.

“म्हणजे माझंच वावडं आहे का त्याला?”

डॉक्टर हसले नाहीत, याचं मला अजून बरं वाटतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि समोर बसले.

“माणसाचं वावडं असू शकतं, पण सहसा नसतं. मावशींकडे तो कुठं झोपायचा?”

“गोठ्यात. कडब्यावर.”

“आणि तुमच्याकडे?”

“घोंगडीवर.”

“नवी?”

“नाही हो, फार जुनी आहे. घरातली सगळ्यात जुनी वस्तू तीच. वडिलांची.”

“तुमच्या घरात जुनी. याच्या अंगाखाली कधीपासून?”

तळेगावात तो फरशीवर झोपायचा. घोंगडी दादांच्या खांद्यावर असायची. काय काय बदललं याचा विचार मी इतके दिवस करत होते, दूध, गहू, जमीन, पाणी, गवत, पण घोंगडी त्यात कधी आलीच नव्हती. ती मला बदललेली वस्तू वाटलीच नाही. न बदललेली तेवढी एकच, असं वाटत होतं.

“लोकर,” डॉक्टर म्हणाले, “किंवा जुन्या लोकरीतली धूळ. पोट, काख, पाय, जिथं जिथं ती टेकते तिथंच पुरळ आहे. काढून टाका आणि बघा.”

“ती वडिलांची आहे.”

“मग तुम्ही पांघरा,” ते म्हणाले, आणि पुढच्या जनावराला आत घ्यायला सांगितलं.

घरी येऊन मी घोंगडी उचलली, उन्हात झटकली आणि ट्रंकेत ठेवली. तिथला कोपरा मावशींकडून शेण आणून पुन्हा सारवला. कुत्रा येऊन त्या मोकळ्या जागेकडे पाहत उभा राहिला. थंडी पडायला लागली होती. मी माझं एक जुनं पातळ अंथरलं, पण ते पुरण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मावशी दारात आल्या आणि काखेतलं गाठोडं आत टाकलं. त्यांच्या जुन्या लुगड्यांची जाड वाकळ होती. सुती, धुऊन धुऊन मऊ झालेली.

“कुत्र्यासाठी न्हाई हां देत,” त्या म्हणाल्या. “रातभर त्याच्या पायाचा आवाज येतो भिंतीतनं. मला झोप न्हाई.”

महिन्याभरात त्याची कातडी भरून आली. मावशींच्या धाकट्या नातीनं एकदा सरळ त्याच्या पोटावर डोकं ठेवलं, आणि मावशींनी ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. नदीपल्याड सोडायचं बोलणं पुन्हा कधी निघालं नाही.

घोंगडी मी त्या हिवाळ्यात काही दिवस पांघरली. पण मी ती पांघरून बसले की कुत्र्याला लांब बसवावं लागे, आणि संध्याकाळी मला त्याची सोबत हवी असायची. दादांचा वासही तोवर जवळपास उडून गेला होता. संक्रांतीला भाऊ भेटायला आला तेव्हा मी ती त्याला देऊन टाकली. त्यानं काही न विचारता ती खांद्यावर टाकली. पाठमोरा तो अगदी दादांसारखा दिसला. मी त्याला स्टेशनपर्यंत सोडायला गेले नाही.

कुत्रा पूर्ण बरा झाला असं मात्र नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की एका गोष्टीचं वावडं असलेल्या जनावराला दुसऱ्या गोष्टीचंही निघतं. पावसाळा सरताना नदीकाठचं गवत तुऱ्यावर आलं की त्याचे पाय लाल व्हायचे. मग त्या दिवसांत फिरायला नेऊन आणलं की मी उंबऱ्याशी बादली घेऊन बसायची, चारी पाय धुवायची, बोटांच्या बेचक्या फडक्यानं कोरड्या करायची. वाकळ दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढायची. फार खाज सुटली तर खडकीहून गोळ्या आणायच्या. या सगळ्याची मला सवय झाली. सवय झाली म्हणण्यापेक्षा माझी संध्याकाळ त्यानं भरली. पाय धुताना तो माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत उभा राहायचा. एक पाय झाला की न सांगता दुसरा पुढे करायचा. शाळेत काय झालं, हेडमास्तरीण काय म्हणाली, कारखान्यात नवीन आलेल्या लोकांच्या मुलांनी वर्ग कसा फुगलाय, हे मी त्याला तेव्हा सांगत असे. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आधी बरंच काही समजावून सांगावं लागलं असतं.

‘चल गड्या’ असं मी कधी म्हटलं नाही. ते दादांचं होतं. मी नुसती चप्पल पायात घालायची, तो उठायचा.

त्याचं वय किती होतं हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे तोंडाभोवती पांढरा झाला, ऐकू कमी यायला लागलं. एका उन्हाळ्यात त्यानं खाणं सोडलं. मी डॉक्टरांकडे निरोप पाठवला, तर कळलं की त्यांची बदली झाली आहे, सोलापूरकडे कुठंतरी. नव्या डॉक्टरांनी औषध दिलं, पण त्यांना तो पूर्वी कसा होता हे माहीत नव्हतं. एके सकाळी मी शाळेत जायला निघाले तेव्हा तो वाकळेवर पडून होता. मान उचलून त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दुपारी मधल्या सुट्टीत घरी आले तेव्हा मावशी त्याच्याशेजारी बसल्या होत्या आणि त्यांनी डोक्यावरून पदर घेतला होता.

मावशींच्या मुलाची रात्रपाळी होती, म्हणून तो घरी होता. त्यानं नदीच्या बाजूला, मळ्याच्या बांधाशी खड्डा खणला. वाकळेसकट कुत्र्याला ठेवलं. मी त्याच्या पोटावरून एकदा हात फिरवला. केस दाट होते, कातडी स्वच्छ होती, कुठं एक चट्टा नव्हता. मावशींनी ते पाहिलं असावं. त्या म्हणाल्या, “निगुतीनं सांभाळलं तुमी त्याला.”

त्या संध्याकाळी त्यांनी मला आपल्याकडे जेवायला बोलावलं. पिठलं-भाकरी होती. सून वाढत होती, नातवंडं आज दबक्या आवाजात बोलत होती. मावशींनी मला दुसरं कुत्रं आणायचं का म्हणून विचारलं, गावात एका कुत्रीला पिल्लं झाली आहेत म्हणाल्या. मी म्हटलं, बघू. त्यांनी माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली आणि तो विषय सोडला.

जेवण झाल्यावर मी माझ्या खोलीत आले. कुत्र्याला आत-बाहेर करता यावं म्हणून संध्याकाळी मी दार नेहमी वीतभर उघडं ठेवत असे. त्या दिवशी तसं ठेवायचं काही कारण नव्हतं. तरी मी जरा वेळ तिथं उभी राहिले. अंगणात मावशींची नात भांडी विसळत होती. मग मी दार लावून घेतलं, दिवा लावला आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्गाचे धडे काढायला बसले.